हिरवीचा वास कुठे गेला?

१

हिरवी फुटली तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं आणि मग बाबागाडीकडे.

धाकटी सून मागच्या खोलीत दूध कोमट करत होती. काच फुटल्याचा आवाज आला तशी ती सगळं टाकून धावली. काउंटरवरचं मखमली कापड अर्धं खाली लोंबत होतं. खाली हिरव्या काचेचे तुकडे, त्यांच्यामधून पसरत चाललेलं पिवळसर पाणी आणि नाकाला झिणझिण्या आणणारा, लिंबासारखा दर्प. तिने त्यातल्या कशाकडेच पाहिलं नाही. बाबागाडी आतल्या दाराशी होती. तिचं छत पुढे ओढलेलं होतं आणि आत छकुली स्वतःचा पायमोजा मजेत चघळत होती. धाकटीने तिची बोटं उलटीपालटी केली, केसांतून हात फिरवला, कानामागे पाहिलं, तोंडात बोट घालून पाहिलं. काच नव्हती, रक्त नव्हतं. मग तिने पायाने ब्रेक सोडला, गाडी मागच्या खोलीत नेली आणि तिथे भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेर आली तोवर निकाल लागून गेला होता.

"पोरीनं कापड ओढलं," मोठे दीर म्हणाले. दुकानाचा कारभार त्यांच्याच हातात. "बाटली पडली, धक्क्यानं गाडी घरंगळली. सरळ आहे. मी दारात कंपनीच्या साहेबांना घ्यायला गेलो तेवढ्यात कारभार आटोपला."

त्यांच्या मागे कंपनीवाला उभा होता. त्याच्या हातातली चामड्याची पेटी अजून उघडलीही नव्हती.

"भाऊजी, ती आठ महिन्यांची आहे."

"म्हणूनच सांगतो. आठ महिन्यांचं पोर दुकानात आणायचं नसतं."

धाकटीने आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणजे दिरांची आणि तिच्या नवऱ्याची सख्खी आत्या, दुकानाची अर्धी मालकीण. त्या खालच्या फळीपाशी फडकं हातात घेऊन बसल्या होत्या.

"मी पाठमोरी होते," आत्या म्हणाल्या. "मला काही दिसलं नाही."

पलीकडच्या कपाटाशी कॅप्टन उभा होता. तो कुठल्या जहाजावर कधी होता कोणाला ठाऊक नाही, पण टोपीमुळे सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती, माणूस गेल्यावर धरतात तशी.

"उद्यापासून तू घरीच थांब," दीर धाकटीला म्हणाले. "पोरगी मोठी होऊ दे. मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते धाकटीला पक्कं माहीत होतं. घरात बसलेल्या बाईचं 'मग' कधी उजाडत नाही. बाळंतपणानंतर या काउंटरमागे परत यायला ती किती भांडली होती. दिवसभर कोणीतरी तिला दुधापेक्षा आणि लंगोटांपेक्षा वेगळं काही विचारेल अशी ही एकच जागा होती.

"उद्या मी येणार आहे," ती म्हणाली. "छकुलीला घेऊन येणार. बाटली कोणी फोडली ते कळू दे. घरी कोणी थांबायचं ते त्यानंतर ठरवू."

२

दुकानात फक्त बंद पडलेले सेंट मिळत. कंपनीने बनवणं सोडलेले, कोणाच्या कपाटात, कोणाच्या गोदामात मागे राहिलेले. गिऱ्हाईक आत यायचं ते थोडं लाजत आणि थोडं भांडायच्या तयारीत. एकीला तिच्या गणिताच्या बाईंचा सेंट हवा असायचा. एकाला तरुणपणी स्वतःच्या अंगाला यायचा तो वास परत हवा असायचा. "नवीन आलंय ना त्याच नावाचं," असं त्यांना सगळीकडे ऐकवलं जायचं आणि ते ठामपणे मान हलवायचे. नाव तेच आहे, वास तो नाही. एरवी बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी न बोलणारी ही माणसं या एका बाबतीत हटून बसायची. धाकटीला ती म्हणूनच आवडायची.

या सगळ्यात हिरवी वेगळी. हिरव्या जाड काचेची, बूच दोऱ्याने बांधलेली, कधीच न उघडलेली बाटली. तो सेंट बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. कंपनीवाल्याच्या नव्या कंपनीने तिचं नाव विकत घेतलं होतं, आणि आता सुईने थोडा नमुना काढून, तपासून, तसाच वास स्वस्तात बाजारात आणायचं त्याच्या मनात होतं. दिरांनी होकार दिला होता. त्याच नमुन्यासाठी तो त्या दिवशी आला होता.

दुकानाचा एक नियम होता. इथे काम करणाऱ्याने अंगाला वासाचं काही लावायचं नाही. तेल नाही, पावडर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. नाहीतर सेंटची पारख कशी करणार? आत्यांचं नाक सगळ्यात तिखट. दिरांनी एकदा दाढीनंतर काहीतरी चोळलं होतं, तेव्हा आत्यांनी त्यांना अंघोळीला परत घरी पाठवलं होतं. या नियमामुळेच धाकटीला छकुलीचा निव्वळ वास पाठ होता: दूध, घाम आणि झोप. थंडी पडल्यापासून त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. धाकटीने डॉक्टरांनाही विचारलं होतं, "बाळाचा वास बदलतो का हो?" डॉक्टर हसले होते आणि ती ओशाळली होती.

तुकडे तिनेच वेचले. एखादा राहिला तर उद्या छकुलीच्या गुडघ्यात जायचा. वेचताना बूच सापडलं, अख्खं, स्वच्छ. बाटलीची मानही अख्खी होती आणि बूच तिच्यात घातलं तर सहज आत-बाहेर होत होतं.

ती थबकली. दुकानातली प्रत्येक जुनी बाटली उघडायची म्हणजे अर्धा दिवस जायचा. मानेभोवती गरम फडकं गुंडाळा, थोपटा, वाट पाहा. वाळून डिंकासारखा झालेला सेंट बुचाला सोडतच नाही. मग कधीच न उघडलेल्या बाटलीचं बूच इतकं शहाण्यासारखं कसं निघालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागच्या खोलीत वाळत घातलेलं फडकं नाकाशी धरलं. काल याच फडक्याने जमीन पुसली होती. डोळे मिटून तिने खोल श्वास घेतला.

फडक्याला फडक्याचा वास येत होता.

३

"तुम्ही फोडलीत का?" तिने कॅप्टनला सरळच विचारलं.

तो नेहमीप्रमाणे दुकान उघडल्या उघडल्या आला होता. काही घ्यायला नाही, हुंगायला. छकुलीपासून तो चार हात लांब उभा राहायचा. लहान मुलांची त्याला भीती वाटायची आणि तो ती लपवायचाही नाही.

"मी? का म्हणून? माझं तर डोकं कपाटात होतं, वळलो तेव्हा काच खाली होती."

"परवाच म्हणालात, त्या कंपनीच्या घशात जाण्यापेक्षा फुटलेली बरी."

"म्हणालो. आणि अजून म्हणतो." कॅप्टनने मिशीवरून बोट फिरवलं. "पण पोरी, मला फोडायचीच असती तर आधी उघडून हुंगली नसती का? अंगाला फासली नसती का? एवढी वर्षं मी त्या काचेकडे काय काचेसाठी बघत होतो?"

ते पटण्यासारखं होतं. तिने मुकाट्याने फडकं त्याच्या हातात दिलं. कॅप्टनने हुंगलं, उलटं करून हुंगलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी उतरली.

"कालचं फडकं आहे हे? याच्यानेच पुसलं होतं?"

"याच्यानेच."

"मग त्या बाटलीत हिरवी नव्हती."

"तुम्हाला काय माहीत? बाटली तर कधी उघडलीच नव्हती."

"ही नव्हती उघडली. मी तरुण असताना दुकानोदुकानी मिळायची की. माझ्या कोटाला लावायचो. तो कोट मी मेव्हण्याला दिला, तर वर्षभर त्याची बायको त्याच्याकडे संशयाने बघायची." तो हसला नाही. "कापडात शिरली की जात नाही ती. काल तो लिंबासारखा दर्प आला तेव्हाच मला वाटलं, हा तिचा नव्हे, आणि फार लवकर उडतोय. पण म्हटलं म्हातारं झालं नाक, कशाला बोला. विश्वास नसेल तर तुमच्या दुकानातच पुरावा आहे. तो खालचा कप्पा. तुझ्या सासऱ्यांच्या हातून हिरवीचीच एक बाटली त्यात सांडली होती."

कप्प्याची किल्ली दिरांकडे होती. ती मागितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"आता पोलिसगिरी पण करणार का? बाबा गेल्यापासून तो कप्पा कोणी उघडलेला नाही."

"तेच हवंय मला. भाऊजी, हिरवीचा विमा होता का?"

"असता तर असा तोंड पाडून बसलो असतो? आणि मी फोडली असं म्हणायचंय का तुला? मी साहेबांबरोबर दारात होतो. विचार त्यांना."

"तुम्ही नाही फोडली ते मला माहीत आहे."

"उपकार झाले," असं म्हणून त्यांनी किल्ली काउंटरवर आपटली.

कप्पा फुगला होता. तिने दोन्ही हातांनी हिसडा दिला. आत काही नव्हतं, नुसतं काळपट पडलेलं लाकूड. त्यातून वास वर आला. ओल्या दगडावरच्या शेवाळाचा, जुन्या चामड्याचा, आणि खाली कुठेतरी उबदार, गोडसर.

धाकटीने परत वाकून हुंगलं. हा वास ती रोज घेत होती. छकुलीला झोपवताना, रोज, तिच्या टाळूपाशी.

४

टाळूला नव्हता तो. तिने छकुलीची लोकरी टोपी काढली, टाळू हुंगली: दूध, घाम, झोप. टोपी हुंगली: शेवाळ, चामडं.

टोपी तिने दोनदा धुतली होती. या कप्प्याच्या जवळपासही ती कधी गेली नव्हती. आणि हिरवी फुटण्याच्या कितीतरी आधीपासून हा वास टोपीला होता, डॉक्टर त्याच वासावर हसले होते. म्हणजे बाटली फुटली तेव्हा खरी हिरवी आधीच बाहेर पडलेली होती. कोणीतरी ती वापरत होतं.

टोपी विणली होती आत्यांनी.

धाकटी बराच वेळ टोपी मांडीवर घेऊन बसली. लोकर विकत आणली तेव्हापासूनच तसली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग उठून आत्यांच्या खोलीकडे गेली. आत्या मागच्या अंगणापलीकडे एकट्या राहायच्या. खोलीत एक खुर्ची, एक दिवा, विणकामाची पिशवी.

"उरलेली लोकर आहे का, आत्या? टोपीचा एक टाका सुटलाय."

"माझा टाका सुटत नाही," आत्या म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. पिशवीकडे कोणीच पाहिलं नाही. मग आत्यांनीच हात घालून निळ्या लोकरीचा गुंडा काढला आणि तिच्याकडे टाकला.

"घे. काय बघायचंय ते बघ."

मागच्या खोलीत येऊन धाकटीने गुंडा उलगडला. आतल्या लोकरीला लोकरीचाच वास होता. त्याच लोकरीच्या टोपीला मात्र टाक्याटाक्यात हिरवीचा. मधे झालं होतं ते एवढंच: धागा विणणारीच्या बोटांतून आणि मनगटावरून गेला होता.

दुकानात येण्याआधी आत्या बिनवासाच्या साबणाने घासून घासून अंघोळ करत असणार. पण दुकानातून गेल्यावर, एकटीच खुर्चीत बसून विणताना त्या हिरवी लावत होत्या. आणि रोज लावणाऱ्याला स्वतःचा वास येत नाही. सगळ्या दुकानाचं नाक असलेल्या बाईने बाळाला टोपी दिली, आणि तिला काय वास येतोय तेवढं फक्त तिलाच कळलं नाही.

बाहेर दीर फोनवर म्हणत होते, "या साहेब. माफी तरी मागू दे नीट."

५

कंपनीवाला आला. कॅप्टन होताच. आत्या त्यांच्या जागी बसल्या, विणकामाची पिशवी मांडीवर. धाकटी काउंटरमागे उभी राहिली. छकुली तिच्या कडेवर होती आणि टोपी एप्रनच्या खिशात.

"काल बाटली छकुलीने पाडली नाही," ती म्हणाली. "भाऊजी, गाडी घरंगळली म्हणालात ना? मी आले तेव्हा तिचा ब्रेक लागलेला होता. पायाने सोडून मी ती आत नेली. घरंगळलेली गाडी थांबून स्वतःचा ब्रेक लावत नाही. कोणीतरी गाडी काउंटरपासून लांब नेली, ब्रेक लावला आणि छत पुढे ओढलं. म्हणजे काच उडणार हे त्याला आधीच माहीत होतं."

तिने छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"काल इथे होते कॅप्टन आणि आत्या. कॅप्टन बाबागाडीला हातसुद्धा लावत नाहीत."

"चावेल ती," कॅप्टन पुटपुटला.

"आणि बाटलीत हिरवी नव्हतीच. बूच सैल होतं, फडक्याचा वास रात्रीत गेला. काच हिरवी, त्यामुळे आतलं बदललेलं कोणाला दिसलं नाही. हे साहेब सुई घालणार होते, मग सगळं उघड झालं असतं. म्हणून ती फुटायला हवी होती." तिचा हात खिशात गेला, टोपीवर टेकला आणि तिथेच राहिला. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते ज्या हातांबद्दल होतं त्याच हातांनी ही टोपी विणली होती.

"बोल की," आत्या म्हणाल्या. "इतकं नीट मांडलंस, आता थांबलीस कशाला?" मग उत्तराची वाट न पाहता त्या दिरांकडे वळल्या. "मी फोडली. मी काढली, मी लावली, मी फोडली."

"आत्या, अगं, पण का?"

"का म्हणजे? सेंट कशाला असतो? जुनी कंपनी म्हणाली, आता हा कोणी वापरत नाही, बंद करू. मी वापरत होते. मी कोणीच नव्हते का? मग आपण दुकान काढलं, तर तुझे वडील म्हणाले, लावायचा नाही, ठेवायचा. पुढे तू म्हणालास, ठेवायचा नाही, विकायचा. माझ्या अंगाला कुठला वास यावा हे आयुष्यभर दुसऱ्यांनीच ठरवलं. बंद त्यांनी केला असेल, मी नाही केला."

आत्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"पोरीवर आळ आला तेव्हा मी गप्प बसले," आत्या धाकटीला म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पुसताना कापड ओढलं गेलं म्हणणार होते. हा आधीच बोलून गेला, आणि मला बरं वाटलं. ते वाईट केलं मी."

"काच उडाली असती तर?"

"छत ओढलं होतं."

"तरी."

"तरी," आत्यांनी कबूल केलं.

कंपनीवाला खाकरला. "काढली म्हणालात. म्हणजे काही शिल्लक आहे?"

आत्यांनी पिशवीतून औषधाची छोटी तपकिरी बाटली काढली. तळाशी थोडंसं हललं. दिरांचे डोळे लकाकले.

"आत्या, इकडे दे ती. सगळं निभावून जाईल. साहेबांना थेंबभर पुरतो."

"हो, थेंबभर पुरे," कंपनीवाला पुढे झाला. "विचार करा, हजारो लोकांना तो परत मिळेल."

"परत मिळणार नाही, त्याचं नाव लावून दुसरं काहीतरी मिळेल," आत्या म्हणाल्या. "इथे रोज येतात ती माणसं, तुमच्यासारख्यांनी परत आणलेलं हुंगून."

त्यांनी बूच काढलं, सगळी बाटली तळहातावर ओतली आणि शांतपणे गळ्याला लावली, दोन्ही मनगटांना लावली, उरलेलं केसांवरून फिरवलं. दुकानाचा नियम मोडून, दुकानातच बसून.

वास हळूहळू आला. शेवाळ, चामडं, ऊब. कपाटातल्या सगळ्या बंद बाटल्यांच्या मधोमध एक बाई तो अंगाला लावून बसली होती, आणि एकाएकी दुकान म्हणजे जुन्या वस्तूंची खोली वाटेना.

"हाच," कॅप्टन डोळे मिटून म्हणाला. "अगदी हाच."

दीर मटकन स्टुलावर बसले. धाकटी त्यांच्याकडे वळली.

"घरी कोणी थांबायचं ते ठरवायचं होतं, भाऊजी."

"आता काय ठरवायचं राहिलंय?" ते थकून म्हणाले.

"एवढंच. कोणीच थांबणार नाही. आत्या त्यांच्या जागी बसतील, मी माझ्या. आणि छकुली इथे, ब्रेक लावून."

दिरांनी हात हलवला. त्याचा अर्थ होकार असाच सगळ्यांनी घेतला.

आता छकुलीला घरी न्यायची वेळ झाली होती. दार उघडलं की गार वारा आत यायचा, म्हणून धाकटीने खिशातून टोपी काढली. कंपनीवाल्याच्या नाकपुड्या हलल्या. माणूस धंद्यात मुरलेला होता. त्याने टोपीकडे पाहिलं, आत्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि परत टोपीकडे पाहिलं.

"वहिनी," तो फार गोड आवाजात म्हणाला, "ही टोपी... प्रयोगशाळेत लोकरीतूनसुद्धा वास वेगळा काढता येतो. तुम्ही म्हणाल ते देऊ. बाळाला अशा शंभर टोप्या येतील."

दीर स्टुलावरून अर्धे उठले. आत्या काहीच बोलल्या नाहीत. टोपी दिली ती दिली, तिच्यावर आता त्यांचा हक्क नव्हता, आणि ते त्यांनी पाळलं.

धाकटीने टोपी नाकाशी नेली, एकदाच. मग ती छकुलीच्या डोक्यावर चढवली, दोन्ही कान नीट आत घेतले आणि हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. घट्ट.

"बाहेर गार आहे," ती म्हणाली.

छकुलीने कंपनीवाल्याकडे टक लावून पाहिलं. मग नाडीचं टोक तोंडात घातलं आणि चघळायला लागली.